आवतण दिलेले बैल

दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण माझी सवत होती रंगून, अख्खं शहर, आणि शहराचं काय वाकडं करणार?

आमचे हे तिथं तांदळाच्या गिरणीत कारकून होते. लग्नानंतर दोन वर्षांनी मला आसेगावाहून नेलं. संध्याकाळी घरी आले की सुरू. चिन्यांच्या गल्लीतले कागदी कंदील, अत्तरवाल्यांचा रस्ता, तळ्याच्या पाण्यात उलटा दिसणारा सोन्याचा कळस. मी नवं लुगडं नेसले तरी ज्या माणसाचं लक्ष जात नसे, तो त्या कळसाचा रंग सकाळी कसा आणि दुपारी कसा हे मला समजावून सांगायचा. आसेगावाचा विषय काढला तर म्हणायचे, काळी माती अन् बाभळी, दुसरं हाय काय? माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

म्हणून मी हट्टानं घराबाहेर पडत नसे. खाली नळावर जायचं आणि लाकडी जिना चढून वर यायचं, एवढंच माझं रंगून. चल म्हणाले की माझं डोकं दुखायचं. त्यातच गिरणीच्या मालकानं त्यांना कायमचं राहता का विचारलं. गावाकडचा आपला वाटा भावाला देऊन टाकू आणि इथंच संसार थाटू, असं यांच्या मनात घोळू लागलं. दिवाळीपर्यंत सांगतो, असं ते मालकाला म्हणाले होते. मला जन्मभर सवतीच्या घरात राहावं लागणार होतं.

अशात पोळा आला. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. एकदा आवतण दिलं की त्या बैलाला पुरणपोळी चारल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. त्या संध्याकाळी हे घरी आले ते पिवळी बोटं घेऊन. गिरणीच्या फाटकाशी कोण्या बर्मी माणसाची गाडी उभी होती. बैल पाहून यांना राहवलं नाही. वाण्याकडून हळद-तूप आणून खांदे मळले आणि आवतण देऊन मोकळे झाले.

बैल कोणाचे, राहतात कुठं, मी विचारलं.

"थे नाही विचारलं," ते म्हणाले.

मी चिडले, पण आतून सुखावलेही. त्या शहरानं माझा माणूस अजून पुरता गिळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी ती गाडी गिरणीवर आली नाही. पोळ्या तयार होत्या आणि आम्ही दोघंही उपाशी. शेवटी पोळ्या फडक्यात बांधून मीच म्हटलं, चला, शोधू. यांचा आनंद गगनात मावेना. हे बघ, ते बघ, असं चाललं होतं आणि मी मुद्दाम खाली मान घालून चालत होते. पण कान कसे बंद करणार? चिरूट ओढत मासळी विकणारी बाई यांना हाक मारत होती, चिनी शिंपी हसत होता, पोरं यांच्या मागं धावत होती. यांची एवढी ओळखपाळख मी आमच्या गावातही पाहिली नव्हती. माझा जळफळाट झाला.

शहराच्या टोकाला दोन वाटा फुटल्या. एकीनं हे गेले, दुसरीनं मी. पिवळे खांदे, तेवढीच खूण.

माझ्या वाटेवर चिखलात फळ्या टाकल्या होत्या. दोन्ही बाजूंना खांबांवर उभी घरं, परसात सुपारीची झाडं. शेवटच्या घराखाली ती जोडी बांधलेली दिसली. मी बैलांचे पाय धुतले, पोळ्या चारल्या, पाया पडले. घरातली म्हातारी सहाणेवर गाल रंगवायचं पिवळं खोड उगाळत बसली होती. तिनं बैलांच्या खांद्यांकडे बोट दाखवलं, हसली, आणि ते गंध माझ्या दोन्ही गालांना फासलं. मग हाताला धरून मागच्या पायरीवर बसवलं. समोर हिरवं भातशेत, नजर पोचेल तिथवर. त्या हिरव्यातूनच शिडाच्या होड्या चालल्या होत्या, पाणी कुठं दिसतच नव्हतं. किती वेळ बसले कोण जाणे. असलं सगळं यांनी एकट्यानं लुटलं आणि मी नळावर बसून राहिले, या विचारानं मला रडू आलं.

परतताना गाल पदरानं पुसले. वाटा फुटतात तिथं हे उभे होते. बैल भेटले, जेवले, एवढंच सांगितलं. तिकडं काय होतं, असं त्यांनी विचारलं. चिखल, मी म्हटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "तुले इथं करमत नाही. तं मी कोणासाठी राहू?"

मला म्हणायचं होतं, नाही, इथंच राहू. पण तसं म्हटलं असतं तर कारण म्हणून मला ती पायरी यांना दाखवावी लागली असती, आणि मग तीही यांचीच झाली असती. मी ट्रंक भरायला घेतली.

आता आसेगावात हे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रंगून सांगतात. हिले काही विचारू नका, म्हणतात, हिनं काही पाह्यलंच नाही. मी आत दाराआड कान देऊन उभी असते. त्या भातशेताचं नाव यांच्या तोंडून अजून निघालेलं नाही. मधूनच आत येऊन विचारतात, आता करमते ना तुले? मी हो म्हणते, आणि मला इथं अजिबात करमत नाही.