जागा घेणारी गोटी

ऑफिसच्या क्लबात परवा बिलियर्ड्सचं टेबल पहिल्यांदाच जवळून पाहिलं. हिरव्या बनातीवर एका साहेबांनी पांढरा चेंडू हलकेच ढकलला. तो घरंगळत गेला, लाल चेंडूला समोरासमोर भिडला आणि टक्क असा आवाज होऊन जागच्या जागी थांबला. त्याचा सगळा वेग घेऊन लाल चेंडू पार पलीकडच्या कोपऱ्यात गेला. सगळे लालकडे पाहत होते. मी मात्र लालच्या जागी शांतपणे उभ्या राहिलेल्या त्या पांढऱ्याकडे पाहत होतो, आणि इतक्या वर्षांनी माझा पुन्हा तसाच जळफळाट झाला.

क्रिकेटमध्ये मारायला बॅट असते, हॉकीत काठी असते. मार खाणं एकट्या चेंडूच्या नशिबी. गोट्यांचं तसं नसतं. तिथे मारणारी आणि मार खाणारी एकाच कुळातल्या. आमच्या गोट्या तर वजनालाही अगदी सारख्या. पनवेलला पुण्याच्या रस्त्यावर, एस.टी. थांबायची तिथे, बाबांचं सोडावॉटरचं दुकान होतं. भरताना एखादी बाटली फुटली की तिच्या गळ्यातली हिरवट काचेची गोटी धुऊन माझ्या खिशात यायची. ती उन्हात धरली की तिच्यात सबंध रस्ता उलटा दिसे, बैलगाड्यांसकट. आळीत माझ्याइतका श्रीमंत कोणी नव्हता. मग आतेभाऊ आला.

आत्याचे यजमान गेले आणि ती उरणकडच्या मिठागरांच्या गावातून मुलाला घेऊन आमच्याकडे कायमची राहायला आली. तो माझ्याहून चार-सहा महिन्यांनी धाकटा. आला त्याच संध्याकाळी बाबांनी नुकत्याच फुटलेल्या बाटलीतली गोटी त्याच्या तळहातावर ठेवली. वडील नसलेल्या पोराला एक गोटी दिली, एवढंच. पण मला ती माझ्या खिशातून काढून दिल्यासारखी वाटली. पुढे जेवताना तो बाबांच्या उजव्या हाताला बसू लागला, त्यांच्यासारखाच आमटीत भात कालवू लागला, आणि आई कौतुकाने म्हणू लागली की पोर अगदी मामावर गेलंय. मी कोणावर गेलो होतो, ते कोणी सांगेना.

त्यात त्याचा नेम. आमच्या आळीत नुसतं टिपून भागत नसे. समोरची गोटी उडवायची आणि आपली नेमकी तिच्या जागी थांबवायची, तरच डाव जिंकला. तो जमिनीला अंगठा टेकून मधलं बोट मागे ताणायचा, श्वास रोखायचा, आणि माझी गोटी भिरभिरत धुळीत जायची. तिच्या जागेवर त्याची गोटी जणू सकाळपासून तिथेच असावी, अशी पडलेली असे. एकदा तरी ती घरंगळावी म्हणून मी देवाला नवस बोललो होतो.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा आमच्यापैकी एकाला दुकानात घेणार होते. त्यांच्या शेजारी एकच स्टूल होतं. त्यावर बसून एस.टी.तून उतरलेल्या उतारूंसाठी अंगठ्याने गोटी दाबून बाटली फोडायची, फस्सकन फेस येऊ द्यायचा, याची स्वप्नं मी कधीपासून पाहत होतो. गोट्यांत जिंकेल तो उद्यापासून येईल, असं बाबा हसत म्हणाले आणि ओट्यावर पाहायला बसले.

मी पुण्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजातून ट्रकच्या बेअरिंगमधली लोखंडी गोळी मागून आणली होती. काचेपुढे लोखंड म्हणजे डाव माझाच, अशी माझी खात्री. आतेभावालाही ती दाखवली. त्याने नुसती मान हलवली. मी जीव खाऊन मारलं. त्याची गोटी उडाली, आळीतली पोरं ओरडली. पण माझी गोळी थांबायचं नाव घेईना. जड ती, काचेला धक्का देऊनही तिच्यात वेग शिल्लकच होता. ती तशीच पुढे घरंगळत गेली आणि गटारात पडली.

बाबा ओट्यावरून उतरून आले. रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुजी कुठं हाय?"

मी गटाराकडे बोट दाखवलं. मग त्याची पाळी आली, आणि त्याने मी मांडलेली काचेची गोटी उडवून आपली नेमकी तिच्या जागी थांबवली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर तो होता.

आता बाबा नाहीत. दुकान तोच चालवतो. मी शिकलो, मुंबईला नोकरी धरली, आणि पनवेलची माणसं मला म्हणतात की तू फार पुढे गेलास. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच हाक मारली, ती त्याच्या नावाने. ती मी अजून विसरलेलो नाही.

मागच्या रविवारी दुकानात गेलो. त्याने फडक्याने तेच स्टूल पुसून मला बसायला दिलं आणि स्वतः उभं राहून बाटली फोडली. अंगठा अगदी बाबांसारखा वळला. मी सोडा पीत होतो. तो माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बराच वेळ पाहत होता.

"दादा, तुमचं बरं झालं," तो म्हणाला. "तुमी सुटलात. मी हाय तिथंच रायलो. लई हेवा वाटतो तुमचा."

बाटलीतली गोटी खळखळली. घर, बाबा, स्टूल, सगळं त्याने घेतलं होतं. माझ्याजवळ हेवा तेवढा उरला होता, तोही आता त्याने घेतला.