बोंड न धरणारी कपाशी

चार माणसं दिवसभर फुलांकडे टक लावून बसली, की किस्से आपोआप साठतात. सोलापूरजवळच्या शेतकी फार्मवर मी रजिस्टर लिहायचो. त्यात जे मावलं नाही ते डोक्यात राहिलं!

आमचे देवधरसाहेब देशी कपाशीचा अमेरिकन कपाशीशी संकर करायचे. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढून, परके पराग शिरू नयेत म्हणून कागदी पिशवी बांधायची, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावून पुन्हा पिशवी. आमचा मजूर सिद्रामप्पा, मैंदर्गीचा, याला सरळ 'लगीन' म्हणायचा. हंगामाच्या पहिल्या सकाळी गडी खरंच अक्षता घेऊन हजर!

साहेब ओरडले, "अरे, पराग उडतील!"

"मंग लांबनं टाकतो की," म्हणाला, आणि बांधावरून टाकल्या.

*

संकराचं झाड पुरुषभर उंच झालं, फुलांनी भरलं. पण बोंड एक नाही! सांगोल्याचा एक शेतकरी ते बघून हरखला. "लई झ्याक! साहेब, शेरभर बी द्या की."

"याला बी धरत नाही."

"औषदाला बी न्हाय?"

"नाही."

त्यानं झाडाकडे बघितलं, साहेबांच्या हॅटकडे बघितलं. "सरकारला परवडतंय, साहेब. आमाला न्हाय परवडायचं."

*

असं का होतं, ते साहेब कळवळून सांगायचे. "मूळ घराणं एकच रे. पण दोघी लाखो वर्षं लांब राहिल्या, बीजात आपापले बदल साठत गेले. आता झाड वाढतं, पण त्याचं स्वतःचं बीज तयार होताना दोन्हीकडचा मेळ बसत नाही. नव्या जाती अशाच होतात."

सिद्रामप्पानं मान डोलावली. "व्हय की! माजे दोन काका तीस वरसं येगळे ऱ्हात्यात. एका पंगतीला बसत न्हाईत. पर आमाला वाटणी द्यायचं नाव काडा, बगा कसा मेळ बसतोय!"

*

तिसऱ्या वर्षी वरून पत्र आलं: यंदा बी मिळालं नाही तर प्लॉट नांगरा, पाचही मजूर कमी करा. साहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आणि एके दिवशी, पराग लावून बघितलेल्या संकराच्या एका झाडाला बोंड लागलं! फुटलं तेव्हा आत तीन सरक्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मोठे साहेब तपासणीला आले. रजिस्टर उघडलं. "या बोंडाचा बाप कोण?"

मी नंबर वाचणार, तेवढ्यात पिशव्या बांधणारी पारूबाई पुढं आली. "नंबर खोटा हाय, साहेब. त्या फुलाची पिशवी म्या पराग लावायच्या आदीच काडली. तोंड बांदून कुनाची कूस उजवती व्हय? आमची पाच घरं हाईत ह्यावर."

"मग पराग कुणाचे?"

"त्ये माशीला ठावं. लई आल्या व्हत्या."

मोठे साहेब पोट धरून हसले. "सरक्या खऱ्या आहेत ना? मग नांगर नको!"

देवधरसाहेब मला म्हणाले, "बापाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिही. आणि संकर करणारा म्हणून माझं नाव आहे ना, ते खोड. तिथं लिही, पारूबाई."

मी लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं. पारूबाईचा चेहरा उतरला.

"बाप म्हाईत न्हाय, आन शेजारी माजं नाव? खोडा आदी! घरी धनी हाय माजा!"