काळूचे छत्तीस, माझे तीस

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा! चूक माझीच आहे.

रिटायर झालो आणि खोडाळ्याच्या टोकाला प्लॉट घेतला. विकणारा म्हणाला, "रस्ता, पाणी, लाईट, सगळं दारात!" कुणाच्या दारात, ते विचारायचं राहिलं. मग सुरू झालं. मोजणीचे पैसे वेगळे, बिनशेतीच्या कागदाचे वेगळे, नळाच्या पाइपाचे वेगळे. प्रत्येक जण म्हणायचा, "एवढंच राहिलं, सर." शेवटी तर मला फुकट चहा पाजणाऱ्याचाही संशय यायला लागला!

घर उभं राहिलं. राहिली फक्त लाईट. दोन दिवसांवर वास्तुशांती, जव्हारहून व्याही येणार. बायकोने बजावलं, "त्यांच्यासमोर अंधार दिसला, तर मी त्यांच्याबरोबरच जव्हारला जाईन!"

वायरमन काळू आला. माझाच विद्यार्थी. नववीत शिडीच्या गणिताचं त्याचं उत्तर अचूक आलं, म्हणून कॉपीच्या संशयावरून मी त्याला शून्य दिलं होतं.

खांबाकडे नुसतं बघून म्हणाला, "सर, छत्तीस मीटर वायर लागंल."

नुसतं बघून? तो गेल्यावर मी टेप काढली. खांबाच्या बुडापासून भिंतीपर्यंत तीस. दोनदा मोजलं, तीसच! मग वरचे सहा मीटर कुणाच्या घशात, सांगा बरं? तडक जीपने मोखाड्याला गेलो आणि डोळ्यांदेखत मोजून तीस मीटर कापून आणली.

दुसऱ्या दिवशी काळू खांबावर चढला. वायर ओढली. दुसरं टोक लाईटच्या मीटरपर्यंत पोचेचना, ताणूनही जेमतेम भिंतीला वर टेकलं.

"सर, मोजलीव कशी?"

"जमिनीवरून!"

"वायर का जमिनीवरून चालत येते? खांबाच्या टोकावरनं येते, ढिली सोडाय लागते, मंग भिंतीवरनं खाली उतरते."

तीस वर्षं गणित शिकवलं हो मी! आणि उंचीच विसरलो.

"मध्ये जोड दे ना."

"जोड नाय चालत, सर."

मागे बायको दारात उभी. "जव्हारची गाडी किती वाजता?" तिने विचारलं.

काळू खाली उतरला, मोटरसायकलला बांधलेलं वायरचं वेटोळं सोडून माझ्यापुढे ठेवलं. "छत्तीस हाय. तुमी मोजणार, मना म्हाईत होता. नववीत पण माझा उत्तर बरोबर होता, सर."

खरंच सांगतो, लाज वाटली. शून्याची आणि टेपची, दोन्हींची माफी मागितली. तो हसला आणि पुन्हा खांबावर चढला.

वेटोळं खालीच होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच टेप काढली.

वरून आवाज आला, "छत्तीस भरली का, सर?"