पैठणला आम्ही दोघंच

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं हाच किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता. आता काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण तो बघायला दोन जीपा भरून माणसं यावीत, असा हा एकच!

आमच्या हिची, म्हणजे सुनंदाची, लग्नापासून एकच मागणी. दोघांनीच कुठंतरी जायचं, पाण्याच्या कडेला बसायचं, आणि कुणासाठी चहा टाकायचा नाही. बस्स! दागिना नको, पैठणी नको. तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे?

तुम्ही आमचं खानदान बघितलेलं नाही. म्हैसमाळला निघालो, तर मामा-मामी आले. वेरूळला निघालो, तर वैजापूरची आत्या आली, आणि आत्याबरोबर वाळवणाचा डबा आला. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तेव्हा बरोबर कोण कोण होतं ते विचारू नका. आजी नव्हती, एवढंच सांगतो.

म्हणून या खेपेला मी पक्कं ठरवलं. पैठण! आपल्या संभाजीनगरहून जवळ, समोर गोदावरी, पलीकडं धरणाचं एवढं मोठं पाणी. नदीकडं खिडकी असलेली खोली सांगून ठेवली. आणि ठरवलं, की कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही.

सुनंदा आठवडाभर जालन्याला माहेरी गेली होती. तिनं शनिवारी सकाळी परस्पर स्टँडवर यायचं, मी घरून जायचं. कारण आम्ही दोघं बॅग घेऊन जिना उतरलो, की शेजारच्या कुलकर्णीकाकू गॅलरीत आल्याच म्हणून समजा.

इथपर्यंत अगदी झकास चाललं होतं.

मग मला वाटलं, फिरायला जायचंय तर जरा ठाकठीक दिसावं. पोरानं पुण्याहून केस कापायचं मशिन पाठवलं होतं, ते काढलं. त्याला पुढं एक प्लास्टिकचा कंगवा बसवायचा असतो म्हणे. मला ते नंतर कळलं. कपाळापासून टाळूपर्यंत असा स्वच्छ पट्टा निघाला, की चिकलठाण्याचं विमान चुकून माझ्या डोक्यावर उतरलं असतं! तो पट्टा झाकायला शेजारचा काढला. तो झाकायला पलीकडचा. बघता बघता डोकं गुळगुळीत झालं. मागं जिथं हात पोचत नव्हता, तिथं तेवढी एक बट राहिली.

ती काढून घ्यायला कटिंगच्या दुकानात गेलो. आमचा कटिंगवाला एरवी दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांची हजामत करतो. त्या दिवशी त्यानं माझं डोकं बघितलं आणि एकदम गप्प! गाणी लावली होती तीसुद्धा बंद केली. खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, वा, टक्कल केलं की माणसाची इज्जत वाढते! खुशीत डोळे मिटले. उघडले तर मिशी गायब, आणि मागची बट जशीच्या तशी.

"अरे, मिशी का काढलीस?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काढावीच लागती ना साहेब."

इतक्या मायेनं कुणी बोललं, की भांडता येतं का? मी तसाच घरी आलो.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मुंडण केलेल्या माणसाला 'घरात कोण गेलं?' असं तोंडावर कुणी विचारत नाही. जवळ बसायचं, मान खाली घालायची, तो सांगेल तेव्हा सांगेल. सगळ्या मराठवाड्याला ही रीत ठाऊक आहे. त्या आठवड्यात ती फक्त मला आठवत नव्हती.

ऑफिसात साहेबांकडं शनिवारची रजा मागायला गेलो. हा माणूस रजा म्हटलं की अंगावर येतो. त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "एका दिवसात कसं होईल? आठवडा घ्या."

"नको साहेब. शनिवार-रविवारात उरकून टाकतो."

"धीराचे आहात," साहेब म्हणाले. मला तर गुदगुल्याच झाल्या.

संध्याकाळी कुलकर्णीकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "दोन घास खाऊन घ्या," म्हणाल्या आणि तशाच वळल्या. ज्या घरात दुःखामुळं चूल पेटत नाही, तिथंच शेजारपाजारचे असं पिठलं-भाकरी पोचवतात, हे माझ्या टाळक्यात यायला नको? मला वाटलं, सुनंदा नाही म्हणून माझे हाल बघवत नाहीत बिचारीला. चाटूनपुसून खाल्लं. ताट द्यायला गेलो तेव्हा वर म्हणालो, "काकू, उद्या जरा ठेचापण होऊ द्या."

काकूंनी पदर डोळ्याला लावला.

आणि शुक्रवारी करमाडहून बबनमामा आले. दारातच माझं डोकं बघितलं, काकूंनी आज पुन्हा आणून टेबलावर झाकून ठेवलेलं पिठलं बघितलं, आणि मटकन खाली बसले.

बसल्या बसल्याच म्हणाले, "सूनबाई कुठं हाय?"

"जालन्याला. उद्या तिकडून परस्पर येईल."

"परस्पर? कुठं?"

मला खोटं बोलता येत नाही, हा माझा जुना रोग. बोलून गेलो, "स्टँडवर. तिथून पैठणला. पण मामा, कुणाला सांगू नका. आम्ही दोघंच जाणार. गर्दी नको."

"आरं, असल्या वक्ताला गर्दी नको म्हंतोस व्हय? माणसं लागत्यात!"

"दर वेळी माणसं होतीच की मामा. एकदा तरी शांततेत होऊ द्या."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग दबकत म्हणाले, "अन्... आत्या?"

इथं तुम्हाला आत्याचं सांगायला हवं. वच्छीआत्या म्हणजे वडिलांची बहीण, वैजापूरला एकटी राहते. मूलबाळ नाही, मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिचं पुढंमागं सगळं मीच करणार, हे अख्ख्या भावकीला माहीत. त्यात ती महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली, नुकतीच उठली होती. मला वाटलं, मामा म्हणतायत की हवापालटाला तिलाही घेऊन जा. मी हातच जोडले.

"मामा, आत्याचं नाव काढू नका. पाया पडतो."

मामांनी मला छातीशी धरलं. मी मनात म्हटलं, चला, यांना एकदाचं पटलं!

शनिवारी स्टँडवर सुनंदानं माझं डोकं बघितलं आणि हसून हसून बॅगेवरच बसली. पैठणला पोचेपर्यंत मधूनमधून माझ्या शेंडीकडं बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पण काय सांगू, इतकी खुश होती! खोलीवर बॅगा टाकल्या आणि थेट घाटावर गेलो. शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलो. ती पिवळ्याधमक साडीत, हातात मीठ लावलेला पेरू.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कुणीच नाही!"

ते ती ज्या सुखानं म्हणाली ना, मला भरून आलं. इतकी वर्षं झाली, एवढं साधं सुख आपण हिला दिलं नव्हतं, आणि आज दिलं. मला माझा जाम अभिमान वाटला.

तेवढ्यात वर जीप थांबल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

बघतो तर मामा, मामी, आणि मागं सगळी भावकी! मामींनी वरच्या पायरीपासूनच हंबरडा फोडला आणि येऊन सुनंदाच्या गळ्यातच पडल्या. सुनंदानं पेरू पदराखाली लपवला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पांढरे कपडे, दहावं घालायचा पैठणचा घाट, एवढी रडारड. म्हणजे मामांच्या घरात कुणीतरी गेलं! पण कोण? आता विचारायचं कसं? या वेळी मात्र मला रीत बरोबर आठवली!

मी मामांचा हात धरला. "मामा, सावरा."

"तूच सावर रं लेका!"

"नाही मामा, आधी तुम्ही."

असं आम्ही बराच वेळ एकमेकांना सावरत होतो. मामी सुनंदाच्या पिवळ्या साडीकडं बघून पुन्हापुन्हा कपाळाला हात लावत होत्या. मग मामांनी आणलेले गुरुजी पुढं आले, पाट मांडला, दर्भ काढले आणि म्हणाले, "नाव सांगा."

"वत्सलाबाई," मामा म्हणाले.

माझ्या पायाखालची पायरीच सरकली. "आत्या? माझी आत्या गेली? अन् मला कुणी सांगितलं नाही?" खरं सांगतो, मी भोकाड पसरलं. जिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, ती गेली, आणि मी इथं पेरू खातोय! मामा रडायचे थांबून माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, दुःखानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

आणि वरून आवाज आला, "कोण गेलं रं माझ्या भास्कराच्या घरात?"

रिक्षातून वच्छीआत्या उतरत होती! मामांनी केलेला बोभाटा वैजापूरपर्यंत गेला होता. भास्करच्या, म्हणजे माझ्या घरचं पैठणला दहावं आहे, एवढंच तिच्या कानावर घातलं होतं. कुणाचं, ते तिला सांगणार कोण?

मामींनी किंकाळी फोडली. मामा मागं सरकता सरकता गुडघाभर पाण्यात गेले. मी मात्र तसाच धावत वर गेलो आणि आत्याला मिठी मारली. ती जिवंत, गरम, आणि लसणाचा वास येणारी! एवढा आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

काय घोळ झालाय ते आत्याला सगळ्यांच्या आधी कळलं. कमरेवर हात ठेवून तिनं भावकीवर नजर फिरवली. "माझ्यासाठी रडायलात व्हय? मंग थांबलात कशाला? रडा की! बघू तरी कोण किती रडतंय."

मग सगळे वळले माझ्याकडं. डोकं का केलं? मिशी का काढली? गर्दी नको असं का म्हणालास? मी केस कापायच्या मशिनपासून सगळं सांगितलं. मामा पाण्यातनं बाहेर येऊन धोतर पिळत होते.

सुनंदाच्या त्या पाण्याच्या कडेला आता दोन जीपा भरून माणसं पसरली होती, आणि कुणीतरी हळूच विचारलंसुद्धा, "वहिनी, चहाचं कसं करायचं?"

गुरुजी तेवढे वैतागले. "मंडळी, पिंड तयार आहेत. मला अजून दुसरीकडं जायचंय. नक्की गेलंय कोण, तेवढं सांगा!"

सुनंदा उठली. पदर खोचला.

"यांची अक्कल गेलीय, गुरुजी."

गुरुजींनी गंभीरपणे माझ्या डोक्याकडं, मिशीच्या जागेकडं आणि मागच्या शेंडीकडं बघितलं. "अरेरे! फार जवळची होती का?"

"जवळची कसली!" आत्या म्हणाली. "त्याची अन् तिची कधी गाठच नाय पडली."