तेरणेच्या वाळूतलं भांडण

आमच्या शेजारच्या सोजरआक्काचं ज्याच्याशी भांडण झालं नाही, असं गावात माणूस नव्हतं. टँकरवाला, रोजगार हमीचा मुकादम, सरपंचसुद्धा. भांडून झालं की दुसऱ्या दिवशी त्याच घरी वाटीभर चटणी नेऊन द्यायची. "भांडल्याबिगर माणूस कळत न्हाई गं," मला म्हणायची.

फक्त नवऱ्याशी, ग्यानबाशी, ती भांडत नव्हती. बोलतच नव्हती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथं कचेऱ्यांची बांधकामं निघाली. त्या दुष्काळात ग्यानबा एका पहाटे काही न सांगता तिकडं निघून गेला, तो आठ महिन्यांनी आला. आक्कानं त्याला भाकरी वाढली, पण तोंड उघडलं नाही. मला म्हणाली, "शनवारी निलंग्याला भावाकडं जाते. आता परत येणं न्हाई."

त्याच आठवड्यात शिनेमावाले आले. वाळवंटातून जाणाऱ्या, एकमेकांना विटलेल्या नवराबायकोची गोष्ट होती म्हणे. आमची तेरणा आटून नुसती वाळू उरली होती, ती त्यांना पसंत पडली. उन्हात पाठमोरं चालायला एक जोडपं हवं होतं. मुकादमानं या दोघांना पुढं केलं. "खडी फोडण्यापरीस चालणं बरं," म्हणून आक्का गेली. मी पाण्याची घागर घेऊन काठावर होते.

ग्यानबा सवयीनं पुढं, आक्का दहा पावलं मागं. शिनेमाचा साहेब भोंग्यातून ओरडला, "जोडीनं चाला!" पुन्हा चालले, पुन्हा तेच. पाचव्या वेळी आक्का तरातरा त्याच्या बरोबरीला गेली आणि तिचा आवाज काठापर्यंत आला.

"सांगून गेला असता तर म्या काय पाय धरले असते?"

"घरात दाणा न्हवता. कोणत्या तोंडानं सांगू?"

"उठून बघते तर माणूसच न्हाई. म्या हिरीत वाकून बघितलं, ठावं हाय का?"

ग्यानबा जागीच थांबला. मग दोघं चालायला लागली. साहेब "बस, परत या" ओरडत राहिला, पण ती भांडत भांडत पलीकडच्या काठाला गेली आणि दिवस कलल्यावर परतली. तो शिनेमा मी कधी पाहिला नाही. त्यात हे बोलणं नसणारच.

शनिवारी आक्काबरोबर तिचं गाठोडं घेऊन मी निलंग्याच्या गाडीसाठी फाट्यावर गेले. लातूरच्या कामावर परत निघालेला ग्यानबा मागून आला. लातूरची गाडी आधी लागली. तो चढला आणि कंडक्टरला म्हणाला, "लातूर, दोन."

"मला इचारलं का?" आक्का खालूनच कडाडली.

भरली गाडी बघायला लागली. ग्यानबा खाली उतरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "सोजर, येतीस का?"

आक्कानं माझ्या हातातलं गाठोडं घेऊन त्याच्याकडं दिलं.

"धरा. खिडकीत म्या बसणार."