सुनेच्या तोंडचा मारोती

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर वॅगन लागली होती, सौंसरची संत्री दारात आली होती, आणि मी म्हटलं, "शेठजी, हा माल चढवू नका." शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही संत्री मीच सडवून राहिली.

राज्यांची पुनर्रचना नुकतीच झाली होती. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो, ब्लॅकलिस्ट मात्र दोन्हीकडून यायची. कंट्रोलचा माल दडवणाऱ्यांची नावं त्यात असत. अशा पार्टीशी व्यवहार केला की आपलं लायसन गेलंच समजा. अडतीची लिखापढी माझ्याकडे, म्हणून ही तपासणीही माझ्याच गळ्यात. पार्टी होती गणपत कळंबे, सौंसर. लिस्टमध्येही तेच नाव, तेच गाव, पुढे वल्द मारोती. वल्द म्हणजे बापाचं नाव. आमच्या पावतीवर ते कधी लिहिलंच नव्हतं. आता सौंसरात गणपत म्हणून हाक मारली तर चार जण ओ देतात, बापा.

मालासोबत गणपतरावांची बायको आली होती. गाडीवान भाड्याचा, त्याला काही ठाऊक नाही. लिस्टमधलं नाव आपण आधी सांगायचं नसतं. सांगितलं की समोरचा 'नाही' म्हणून मोकळा. म्हणून मी साधं विचारलं, सासऱ्याचं नाव काय?

तिनं पदर पुढे ओढला. "सासऱ्याचं नाव मी कशी घेऊ, बाई?"

शेठजींनी विनवलं, मग दटावलं. वर्षभराचा बगीचा त्या गाडीत होता. तिचे डोळे भरून आले, पण नाव काही निघेना. तिकडे स्टेशनावरून निरोप आला, वॅगन आता थांबत नाही.

मी कंटाळून म्हटलं, "अवं, पण तुझे मालक गेले तरी कुठं?"

"जामसांवलीला. मारोतीचा नवस फेडून राहिले."

मी टाक खाली ठेवला. "कोणाचा?"

"मारोतीचा. काही चुकलं का, बाई?"

"चढवा माल," मी शेठजींना म्हटलं.

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी समजावलं, सासरा मारोती असता तर हिनं देवालाही मारोती म्हटलं नसतं. अंजनीचा लेक म्हणाली असती, बजरंगबली म्हणाली असती. शेठजी घाम पुसत हमालांकडे धावले.

दोन दिवसांनी गणपतराव प्रसाद घेऊन आले. वल्द शंकर निघाले.

पुढे इन्स्पेक्टर आले. त्यांनी माझा शेरा वाचला: 'सुनेने मारोतीचे नाव बेधडक घेतले, सबब माल सोडला.' मी मनात म्हटलं, गेलं लायसन. ते म्हणाले, "आमची आई रामफळाला दुसरं सीताफळ म्हणते," आणि सही केली.

तेव्हापासून आमच्या पावतीवर वल्दचा रकाना आला. तो लेकाकडूनच भरून घ्यायचा, सुनेला विचारायचं नाही.