खिशातली काडेपेटी

परवा देवघरातली काडेपेटी चुकून खिशात राहिली. चालताना ती खुळखुळली आणि मी जागीच थिजलो.

सत्तरच्या सुमारास मी भुसावळकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात नवा लागलो होतो. काडेपेटी दारावर काढून ठेवायची विसरलो, आणि बारूद भरतात त्या शेडमध्येच हात खिशाला लागला. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण आमचे धुळ्याकडचे मिस्तरी, नाना, यांनी माझा चेहरा पाहिला.

"खिसामा काय शे? मोठ्यानं सांग."

"काडेपेटी," मी कसंबसं म्हणालो.

"बठ्ठा बाहेर निंघा! तू हालू नको."

चारचौघांत लाज काढली म्हणून नानांवरचा राग मी वर्षानुवर्षं धरून ठेवला. सगळे बाहेर पळाले तेव्हा नाना मात्र माझ्या शेजारीच उभे होते, हे लक्षात यायला मला म्हातारं व्हावं लागलं.